एक सातबारा, अनेक दप्तरे

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात सनदी लेखापालाच्या टेबलावर पैशाइतकीच जमीन येते. आयकराचे विवरणपत्र भरायला आणलेल्या पिशवीतून पासबुकाबरोबर सातबारा निघतो, फेरफाराची नक्कल निघते, कधी वडिलांच्या काळातले साठेखत निघते. हे कागद वर्षानुवर्षे हाताळताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. आमच्या किनाऱ्यावर दोन नंबरचा पैसा मुरतो, पण तो कागदांच्या तुटवड्यामुळे मुरत नाही. कागद असतात, आणि त्यातले बरेचसे आपापल्या जागी खरेही असतात. किमतीचा कागद दुय्यम निबंधकाकडे, मालकीचा तलाठ्याकडे, उत्पन्नाचा आयकर खात्याकडे आणि पैसा कुठून आला त्याचा बँकेकडे. चारही शेजारी ठेवले तर शाळकरी मुलालाही विसंगती दिसेल. पण ते शेजारी ठेवण्याचे काम कोणाचेच नसते. कर यंत्रणा आणि मनी लाँडरिंगविरोधी यंत्रणा यांनी हातात हात घालून काम करावे, यावर दिल्लीत आणि पॅरिसमध्ये भरपूर अहवाल लिहिले गेले आहेत. त्यांची खरी कसोटी थळ, किहीम, आवास अशा गावांच्या दप्तरात लागते असे मी मानतो, आणि तिथे ते सहकार्य अजून पोचलेलेच नाही.

वरवर पाहिले तर आयकर खाते आणि ईडी, म्हणजे अंमलबजावणी संचालनालय, एकाच गोष्टीच्या मागे आहेत: बेहिशेबी पैसा. प्रत्यक्षात दोघांची नजर निरनिराळ्या जागी असते. कर अधिकाऱ्याला शोधायचे असते ते दडवलेले उत्पन्न. पैसा धुणारा माणूस मात्र शेवटच्या टप्प्यावर नेमके उलटे करतो. नसलेले उत्पन्न तो उघडपणे दाखवतो. किनाऱ्यावर त्याला दोन सोयी आयत्या मिळतात. पहिली शेतजमिनीची. १९६१ च्या आयकर कायद्याच्या व्याख्येत ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ताच नव्हती. दहा हजार ते एक लाख लोकवस्तीच्या नगरपालिकेसाठी हद्दीपासून दोन किलोमीटर ही रेषा; अलिबाग नगरपालिका त्याच गटातली. म्हणजे किहीम, सासवणे, चौल, रेवदंडा या भागातली शेतजमीन कितीही कोटींना विकली, तरी विकणाऱ्याला भांडवली नफ्यावर कर नाही. शेतीचे उत्पन्नही करमुक्त. ही सवलत शेतकऱ्यासाठी आहे आणि ती राहायलाच हवी. पण ज्याला अचानक हाती आलेल्या रकमेला नाव द्यायचे आहे, त्याला 'गावची जमीन विकली' किंवा 'आंब्या-नारळाचे उत्पन्न' यापेक्षा सोपे नाव नाही. कॅगने २०१९ च्या अहवालात शेती उत्पन्नाची करमुक्ती दिलेली प्रकरणे तपासली, तेव्हा सुमारे २२.५ टक्के प्रकरणांत पुरेशी कागदपत्रे न पडताळताच सवलत मान्य झालेली आढळली. यात आळस असेलही. पण मूळ कारण साधे आहे. जिथून कर वसूल होणारच नाही, तिथे अधिकारी वेळ कशाला घालवेल?

दुसरी सोय याहून विचित्र आहे. जो माणूस न कमावलेल्या पैशावर आपणहून कर भरतो, त्याच्याकडे करखाते समाधानाने पाहते. शनिवार-रविवारी मांडव्याच्या जेट्टीवर उतरणारी गर्दी, होम-स्टे, रिसॉर्ट, पाण्यातले खेळ, खानावळी, या सगळ्या धंद्यांत रोखीचे प्रमाण मोठे आहे. दहा खोल्यांच्या जागेत पाच भरल्या की नऊ, हे विवरणपत्रावरून कळत नाही. ठरावीक उलाढालीपर्यंत कायदाच अंदाजे टक्केवारीने नफा धरू देतो, वह्या मागत नाही. लहान व्यावसायिकाला ही मोठी सवलत आहे, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक होम-स्टेवाल्यांच्या बाबतीत आकडे असतात त्यापेक्षा कमीच दाखवलेले असतील, जास्त नव्हेत. पण ज्या जागेचे विजेचे बिल महिनोन् महिने जेमतेम हलते आणि उलाढाल मात्र सीझनभर फुललेली दिसते, तिचा मालक कर चुकवत नाही; तो कराची पावती विकत घेत असतो. त्या पावतीने पैशाला जन्मदाखला मिळतो. कर अधिकाऱ्याच्या लेखी हा नियमित करदाता. संशयित व्यवहारांकडे पाहणाऱ्याला मात्र हीच पहिली खूण असते. म्हणून माझे म्हणणे असे की या दोन यंत्रणांचे सहकार्य ही एकमेकांना केलेली मदत नाही, ती त्यांची गरज आहे; एकीला जिथे काही मिळण्यासारखे नसते, नेमके तिथेच दुसरीचे काम सुरू होते.

आता प्रत्यक्ष कागदाकडे वळू. जमिनीचे खरेदीखत नोंदवले की दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून सूची क्रमांक दोन निघते. एका पानाचा कागद. त्यावर मोबदला आणि बाजारभाव हे दोन आकडे एकाखाली एक असतात, गट क्रमांक आणि क्षेत्र असते, करून देणाऱ्याची आणि करून घेणाऱ्याची नावे, पत्ते, वय, आणि शेवटी पॅन. मुद्रांक शुल्क या दोन आकड्यांतल्या मोठ्यावर लागते, त्यामुळे मोबदला रेडीरेकनरच्या आकड्याला नुसता टेकलेला असतो. त्याच्या वरची रक्कम कागदावर येत नाही. मग हाच दस्त तलाठ्याकडे जातो, फेरफार धरला जातो, नोटीस निघते, हरकतींसाठी पंधरा दिवस जातात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा नव्या नावाने निघतो. त्या सातबाऱ्यावर नाव आहे, खाते क्रमांक आहे, आकार आहे, पोटखराबा आहे, फेरफार क्रमांक आहे. पॅन नाही आणि किंमतही नाही. माणसाला पैशाशी बांधणारा दोरा नोंदणीच्या टेबलावर असतो आणि महसूलच्या टेबलावर पोचेपर्यंत तुटतो. तीस लाख किंवा त्याहून अधिक रकमेच्या स्थावराचा व्यवहार नोंदणी कार्यालय आयकर खात्याला कळवते, ही व्यवस्था आहे. पण ती व्यवहार कळवते, मालकी नाही. मोठी जमीन लहान लहान पोटहिश्श्यांत, निरनिराळ्या नावांनी, तीस लाखांच्या आत घेतली गेली तर त्या नावांमागे एकच माणूस आहे हे या माहितीतून उमगणे कठीण.

ते गावात मात्र ठाऊक असते. महाराष्ट्राच्या कुळकायद्याचे कलम ६३ बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेऊ देत नाही, म्हणून बाहेरच्या पैशाला स्थानिक शेतकऱ्याचे नाव लागते. वाडी सांभाळणारा, गाडी चालवणारा, कधी मध्यस्थाचा भाचा असा कोणीतरी सातबाऱ्यावर मालक होतो, आणि कुंपणाच्या आत कोणाची गाडी येते ते अख्ख्या आळीला माहीत असते. १९८८ चा बेनामी कायदा २०१६ मध्ये दुरुस्त होऊन १ नोव्हेंबर २०१६ पासून कडक झाला. सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड. हा कायदा राबवणारे अधिकारी आयकर खात्याचेच असतात. पण जमीन कोण कसतो, सारा कोण भरतो, पीकपाहणीला कोण उभा राहतो ही माहिती महसूल खात्याची, म्हणजे राज्याची. इथे मला जास्त काळजी वाटते ती नाव देणाऱ्याची. थोड्या पैशांसाठी किंवा नोकरीच्या दडपणाखाली सही करणारा हा माणूस कायद्याच्या दृष्टीने बेनामीदार, म्हणजे आरोपी. माहिती वेळीच जुळली असती तर दस्त नोंदवण्याआधीच त्याला सावध करता आले असते.

या तुटलेपणाची मोठी साक्ष किहीमच्या किनाऱ्यावर मिळाली. हिरे व्यापारी नीरव मोदीचा तिथला बंगला ८ मार्च २०१९ रोजी रायगड जिल्हा प्रशासनाने स्फोटके लावून पाडला. आधी यंत्रांनी पाडायचा प्रयत्न झाला होता, बांधकाम दाद देईना. मुंबई उच्च न्यायालयात किनारा नियमनाचे उल्लंघन करणाऱ्या बंगल्यांविरुद्ध जनहित याचिका चालू होती. त्यातून ही कारवाई झाली. मात्र तोवर ही मालमत्ता ईडीच्या जप्तीत होती, त्यामुळे पाडण्याआधी ईडीची संमती, आतल्या मौल्यवान वस्तू काढून घेणे, ताबा देणे हे सारे सोपस्कार करावे लागले. टीव्हीवर धुरळा दिसला, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्या आधीची गोष्ट. आयकर खात्याने जानेवारी २०१७ मध्येच मोदी आणि त्याचा मामा मेहुल चोक्सी यांच्या व्यवसायांवर छापे घातले होते. डिसेंबर २०१८ मध्ये इंडियन एक्स्प्रेसने दिलेल्या वृत्तानुसार त्याचा दहा हजार पानांचा अहवाल ८ जून २०१७ रोजी तयार झाला. बनावट खरेदी, फुगवलेला साठा, नातेवाइकांना गेलेल्या संशयास्पद रकमा हे सगळे त्यात होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेतले खोट्या हमीपत्रांचे प्रकरण फुटेपर्यंत तो ना सीबीआयकडे गेला, ना ईडीकडे, ना महसूल गुप्तचर संचालनालयाकडे. त्या वेळी असे अहवाल इतरांना देण्याची रीतच नव्हती, आणि ते संशयित व्यवहारांची माहिती गोळा करणाऱ्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला देण्यास २०१८ च्या मध्यानंतर सुरुवात झाली, असेही त्याच वृत्तात म्हटले होते. दरम्यान १ जानेवारी २०१८ रोजी मोदी देश सोडून गेला होता.

या उदाहरणाबाबत मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. अहवाल वाटला असता तर घोटाळा थांबला असता, असे मी म्हणणार नाही. बँकेतली खोटी हमीपत्रे कितीतरी आधीपासून दिली जात होती आणि आयकर खात्याला त्यांचा पत्ता असल्याचे कुठे दिसत नाही. पण आयकर अधिकाऱ्यांनी त्यांचे काम केले होते, तेही चांगले केले होते. त्यांच्या दृष्टीने निष्कर्ष होता 'खरेदी फुगवली, उत्पन्न कमी दाखवले, कर बसवा'. तीच पाने बँकेच्या हमीपत्रांशेजारी ठेवली गेली असती तर निष्कर्ष निघाला असता 'माल नाही, तरी पैसा परदेशी चालला आहे'. इकडे किहीमचा बंगला तर भरतीच्या रेषेजवळ उघडा उभा होता, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या यादीत होता. एका माणसाचा कर एकीकडे, कर्ज दुसरीकडे, बांधकाम तिसरीकडे. ज्या दिवशी तिन्ही दप्तरे एकत्र आली, त्या दिवशी जप्त करण्यापलीकडे करण्यासारखे फारसे उरले नव्हते.

रायगडच्या किनाऱ्याला हा धडा नवा नव्हता. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला जो माल उतरला, त्यातून १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले आणि २५७ माणसे गेली. सीमाशुल्क हे करखातेच. चांदी-सोन्याच्या तस्करीकडे महसुलाचे नुकसान म्हणून पाहण्याची सवय, लँडिंगमागे लाचेचा ठरलेला दर, आणि त्याच वाटेने एके दिवशी आरडीएक्स. सीमाशुल्क आणि पोलिस खात्यातल्या अधिकाऱ्यांना त्या खटल्यात शिक्षा झाल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये तेव्हाचे केंद्रीय गृहसचिव एन. एन. व्होरा यांची समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालाचा गाभा हाच होता की निरनिराळ्या खात्यांकडे माहिती आहे पण ती एका जागी येत नाही. नंतर गोष्टी हलल्या, सावकाश. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा. अंमलात आला १ जुलै २००५ ला. वित्तीय गुप्तवार्ता विभाग नोव्हेंबर २००४ मध्ये स्थापन झाला. २०१० मध्ये भारत मनी लाँडरिंगविरोधी निकष ठरवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटाचा सदस्य झाला. शेखाडी ते मनी लाँडरिंग कायद्याचा अंमल यात बारा वर्षे गेली, एवढे नोंदवून पुढे जातो.

कोणी म्हणेल, आता काय उणे आहे? प्रत्यक्ष कर मंडळ, अप्रत्यक्ष कर मंडळ, ईडी आणि वित्तीय गुप्तवार्ता विभाग हे सगळे अर्थ मंत्रालयाच्या एकाच महसूल विभागाच्या छपराखाली आहेत. आयकर कायद्यात कलम १३८ होते, मनी लाँडरिंग कायद्यात कलम ६६ आहे. दोन्ही माहिती द्यायला वाट करून देतात. खरे आहे, आणि जगातल्या बऱ्याच देशांपेक्षा ही रचना सोयीची आहे. ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २०१५ मध्ये याच विषयावर अहवाल काढला, त्यात संशयित व्यवहारांचे अहवाल करखात्यांना सरसकट पाहता यावेत असा आग्रह होता. ऑस्ट्रेलियाचे करखाते तर तिथल्या ऑस्ट्रॅक या यंत्रणेची माहिती थेट संगणकावर पाहते. पण आमच्या छपराखाली एक खोली नाही. जमीन हा राज्याचा विषय. नोंदणी महानिरीक्षक पुण्यात, भूमी अभिलेख राज्याकडे, तलाठी जिल्हाधिकाऱ्याकडे. केंद्राच्या चार यंत्रणा एकमेकींशी रोज बोलल्या, तरी या किनाऱ्यावर पैसा ज्या रूपात मुरतो ते रूप त्यांच्या बोलण्यात येतच नाही. मनी लाँडरिंग कायद्याच्या व्याख्येत अधिसूचनेने नोंदणी महानिरीक्षकांना माहिती कळवण्यास बांधील करण्याची तरतूद आहे. तिचा पुरेपूर वापर आणि सूची दोनमधला पॅन फेरफाराबरोबर बंदिस्त स्वरूपात पुढे जाणे, या दोन गोष्टी झाल्या तरी मी समाधान मानेन. न्यायालयांनाही ही गरज जाणवू लागली आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्थावराच्या दाव्यात दोन लाख किंवा अधिक रोख दिल्याचे म्हटले असेल तर न्यायालयाने, आणि नोंदणीला आलेल्या दस्तात तसे आढळले तर निबंधकाने, आयकर खात्याला कळवावे.

या सगळ्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप माझ्या व्यवसायातूनच येतो, आणि तो मी हलका मानत नाही. कर चुकवणे आणि गुन्ह्याचा पैसा धुणे यात फरक आहे. आज आयकराची नोटीस, उद्या ईडीचे समन्स, परवा अटक, अशी शिडी तयार झाली तर कराचा साधा वाद माणसाला कोठडीत नेईल. मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम ४५ खाली जामीन किती अवघड आहे हे वेगळे सांगायला नको. सरकारनेच मार्च २०२५ मध्ये संसदेत सांगितले की त्याआधीच्या दहा वर्षांत लोकप्रतिनिधी आणि राजकीय नेत्यांवर ईडीने १९३ प्रकरणे नोंदवली आणि दोषसिद्धी दोनच झाली. अशा यंत्रणेच्या हाती आणखी माहिती का द्यावी? माझे उत्तर असे की माहिती आणि अधिकार या वेगळ्या गोष्टी आहेत आणि कायद्याने त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२२ च्या विजय मदनलाल चौधरी निकालाने ईडीचे बरेच अधिकार उचलून धरले, पण कायद्याच्या अनुसूचीतला मूळ गुन्हा नसेल तर मनी लाँडरिंगचा खटला उभा राहत नाही हेही स्पष्ट केले. आयकर कायद्यातले गुन्हे त्या अनुसूचीत नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका प्रकरणात नेमक्या याच कारणासाठी ईडीची तक्रार रद्द केली. तिचा पाया आयकराचे गुन्हे आणि कट एवढाच होता. ही भिंत मला हवी आहे. अनुसूचीत आयकराचे गुन्हे घालण्याची सूचना अधूनमधून होते, एफएटीएफनेही २०१२ पासून करगुन्ह्यांना मूळ गुन्ह्यांत धरले आहे. आपल्याकडचा कायदा आज ज्या रीतीने राबवला जातो ते पाहता, ती सूचना सरसकट स्वीकारण्याला माझा विरोध राहील. भिंत राहू दे, तिला खिडकी असू दे. खिडकीतून पाहणाऱ्याला पलीकडे जाऊन कोणाला धरता येत नाही.

जप्ती म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे, याचेही उदाहरण याच किनाऱ्यावर आहे. थळच्या देजा वू फार्म्स या कंपनीची जमीन व बंगला आयकर खात्याने बेनामी कायद्याखाली तात्पुरते जप्त केले. अभिनेता शाहरुख खान यांचे नाव जोडलेले असल्याने ते प्रकरण देशभर गाजले. जानेवारी २०१९ मध्ये न्यायनिर्णय प्राधिकरणाने ती जप्ती मान्य केली नाही. स्वतंत्र कंपनीने कर्ज घेऊन केलेला व्यवहार केवळ तेवढ्याने बेनामी होत नाही, असा त्याचा अर्थ. कंपनीचे ताळेबंद, कर्जाच्या नोंदी, विवरणपत्रे ही सारी माहिती सरकारच्याच दप्तरांत आधीपासून होती. सहकार्य नीट असले तर चुकीच्या जप्त्याही कमी होतील, हा मुद्दा टीकाकारांच्या नजरेतून निसटतो. अर्धवट माहितीवर धाडसी कारवाई होते.

गोपनीयतेचा आक्षेपही खरा आहे. गोपनीयतेला मूलभूत हक्क मानणाऱ्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर 'सरकारकडे आहे म्हणजे सगळ्या सरकारने पाहावे' असे म्हणता येत नाही. ७ जुलै २०२३ ला जीएसटीचे माहितीजाळे मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम ६६ च्या यादीत आले, तेव्हा लगेच झालेल्या जीएसटी परिषदेत अनेक राज्यांनी हरकत घेतली; लहान व्यापाऱ्याच्या मागे ईडी लागेल, ही भीती. त्यावर केंद्राने खुलासा केला की जीएसटीला माहिती मिळावी म्हणून हे आहे. खुलासा करण्याची वेळ यावी यातच उणीव दिसते. कोण काय पाहणार, कशासाठी, किती दिवस ठेवणार, हे आधी लिहून जाहीर व्हायला हवे होते. शिवाय आमच्याकडे गळतीचा प्रश्न आहे. १९९३ ने दाखवले की फितूर झालेला एक अधिकारी सगळ्या यंत्रणेवर पाणी फिरवतो. मग माहिती आणखी हातांत द्यायची कशाला? मला उलट वाटते. त्या वेळी किनाऱ्यावर काय चालले आहे ते मोजक्याच लोकांना ठाऊक होते आणि तेच विकले गेले. प्रत्येक पाहण्याची नोंद राहील आणि दुसऱ्या खात्यालाही तेच दिसत असेल, तर एकाला विकत घेऊन भागत नाही.

राहिला स्थानिकांचा आक्षेप, जो आमच्याकडे चहाच्या टपरीपासून ग्रामसभेपर्यंत ऐकू येतो: बाहेरचा पैसा आला म्हणून जमिनीला भाव आला, अटल सेतू झाला, रो-रो आली, आता कुठे चार पैसे दिसताहेत, तर चौकश्या लावून गिऱ्हाईक पळवू नका. याचे उत्तर भरपाईच्या हिशोबात आहे. विरार–अलिबाग मार्गिका असो की रेवस–रेड्डी सागरी महामार्ग, संपादनात शेतकऱ्याला मिळणारा दर २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २६ च्या पद्धतीने काढायचा असतो: रेडीरेकनर, किंवा परिसरात मागच्या तीन वर्षांत नोंदवलेल्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्या दस्तांची सरासरी, यातला जो अधिक तो. शेजारची जमीन खरोखर एका भावाने गेली आणि दस्तात त्याच्या तिसऱ्या हिश्शाने दाखवली, तर ती खोटी किंमत गावातल्या प्रत्येक खातेदाराच्या भरपाईत उतरते. ज्याने रोखीत पैसे घेतले त्याचे त्या दिवशी भागले. ज्याने जमीन विकलीच नाही, त्याला पाच वर्षांनी प्रांत कार्यालयात त्याचा फटका बसतो, आणि 'इथे भाव इतका आहे' हे सिद्ध करायला त्याच्या हाती एकही नोंदलेला कागद नसतो. दोन नंबरचा पैसा गावाला भाव देतो असे म्हणणाऱ्यांनी निवाड्याच्या नोटिसा एकदा वाचाव्यात.

किनाऱ्यापासून थोडे आत, पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेत जे घडले त्यात नुकसान सोसणारे आणखी वेगळे. ईडीच्या आरोपानुसार बनावट कर्जखात्यांतून सुमारे ५१२ कोटी रुपये बाहेर गेले आणि त्यातला पैसा बँकेच्या माजी अध्यक्षांशी संबंधित संस्थांकडे, एका धर्मादाय न्यासाकडेसुद्धा, वळला. खटला न्यायालयात आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केला. धर्मादाय न्यास म्हणजे पुन्हा करमुक्त दालन, पुन्हा अशी जागा जिथे करखात्याला थांबायचे कारण नसते. बँकेवर देखरेख रिझर्व्ह बँकेची आणि सहकार खात्याची, न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे, सूट आयकर खात्याकडे. ठेवीदारांना विम्याचे पाच लाखांपर्यंत मिळाले; त्याहून मोठ्या ठेवी असलेल्यांची भिस्त जप्त मालमत्तेच्या लिलावावर. मनी लाँडरिंग कायद्यात हक्कदारांना मालमत्ता परत देण्याची सोय आहे, पण तिला वेळ लागतो, आणि निवृत्त माणसाकडे वेळच नसतो. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात मुंबके गावी दाऊद इब्राहिमच्या कुटुंबाच्या जमिनी १९७६ च्या साफेमा कायद्याखाली जप्त होऊन जानेवारी २०२४ मध्येही लिलावात निघत होत्या. १५,४४० रुपये राखीव किमतीच्या एका तुकड्याला २ कोटी १ लाखाची बोली लागली. जप्तीनंतरचा रस्ता एवढा लांब असतो. म्हणून सहकार्याचे यश जप्त मालमत्तेच्या कोटींत मोजण्याची जी पद्धत पडली आहे ती मला पटत नाही. तो आकडा वाढतो, याचा अर्थ माहिती उशिरा जुळली.

३ मे २०२३ च्या अधिसूचनेने आम्ही सनदी लेखापालही मनी लाँडरिंग कायद्याच्या कक्षेत आलो. अशिलाच्या वतीने मालमत्तेची खरेदी-विक्री, पैशाची किंवा खात्यांची व्यवस्था, कंपनी उभारणे अशी कामे केली तर ओळख पडताळणे, नोंदी ठेवणे आणि संशय आला तर कळवणे आमच्यावर बंधनकारक आहे. केवळ विवरणपत्र भरणे यात येत नाही. व्यवसायातल्या अनेकांना हा विश्वासघात वाटला. अशील आपल्याकडे मोकळेपणाने येतो तो आपण सरकारचे खबरी नाही म्हणून, असे ते म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. सातबारा आणि सूची दोन एकाच टेबलावर एकाच वेळी पाहणारा या सगळ्या साखळीत अनेकदा आमच्याइतका दुसरा कोणी नसतो. पण कळवल्यानंतर पुढे काय झाले हे आम्हाला कधी कळत नाही, आणि अशिलाला सूचित करण्याची कायद्याने मनाई आहे. प्रकरणाचा तपशील नको. पण किनाऱ्यावरच्या जमिनींबाबत आलेल्या अहवालांपैकी कोणत्या प्रकारचे उपयोगी ठरले, कोणते निष्फळ, एवढे जरी वर्षातून एकदा वित्तीय गुप्तवार्ता विभागाने व्यवसायाला सांगितले, तर पुढचा अहवाल लिहिताना आम्ही भीतीपोटी सगळेच कळवणार नाही आणि संकोचापोटी काहीच न कळवता राहणार नाही. तसेच जप्तीचा आदेश निघाला की त्याच दिवशी सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात नोंद पडावी. आज ती पडेपर्यंत मध्ये दिवस जातात, त्या दिवसांत इसारा दिला-घेतला जातो, आणि नंतर त्या रकान्यात संचालनालयाचे नाव वाचणारा खरेदीदार बहुतेक वेळा आयुष्याची पुंजी घालून गावाकडे घर बांधायला आलेला असतो.